विहीणबाईंनी बस खाली उतरवली

मुलांनो, प्रवासात सगळं जग जे मुकाट्याने सोसतं, ते सोसायला साफ नकार देणारी एकच बाई मी पाहिली आहे. ती माझी विहीण, म्हणजे तुमच्या आत्याची सासू. त्या मूळच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या, मेंढपाळांच्या घरातल्या. आता साताऱ्याच्या पुढे महामार्गालगतच्या एका गावात राहतात. तिकीट काढलं की गाडी आपली झाली, असं त्यांचं साधं मत. वाटेतल्या हॉटेलात चहा नावाचं गरम पाणी भलत्या दराने हाती आलं, की त्या पेला घेऊन थेट मालकापुढे उभ्या राहत. "आदी तुमी प्या. तुमाला ग्वाड लागला, तर मी पैसं देते." बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप दिसलं, की किल्ली येईपर्यंत त्या गल्ल्यावरच्या खुर्चीत ठाण मांडत. सातारचं रेल्वे स्टेशन गावाबाहेर, त्यामुळे घरापर्यंतची रिक्षा आगगाडीच्या तिकिटाहून महाग. तिथे त्या गंभीरपणे विचारत, "रिक्षा इकत न्हाई घ्याची, नुसतं बसायचं हाय. बोला!" रिक्षावाला हसे, आणि हसला की दर उतरे.

पण खरा पराक्रम बारशाच्या दिवसाचा. तुमच्या आत्याला मुलगी झाली होती. सांगलीत तिच्या घरी दुपारी बारसं, आणि दोन्ही आज्यांनी मिळून बाळाला पाळण्यात घालायचं ठरलेलं. मी आदल्या दिवशीच विहीणबाईंकडे मुक्कामाला गेले. त्यांच्या फाट्यावर उड्डाणपूल झाल्यापासून बस वरूनच सुसाट जात. खालच्या थांब्यावर माणसं माना वर करून नुसती बघत. वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपवाल्यांनी दर वाढवले होते, आणि त्या दिवशी जीपही लग्नाच्या वऱ्हाडांनी भरलेल्या. कॉलेजच्या मुली, दवाखान्याला निघालेले एक आजोबा आणि आम्ही दोघी, सगळ्यांच्या डोक्यावरून सांगलीच्या दोन बस गेल्या. तिसरीही गेली असती, तर बारसं आमच्याशिवाय झालं असतं.

"आपण लेखी तक्रार करू या," मी म्हणाले, आणि पर्समधून पेनही काढलं.

"आवं इनबाई, तक्रारीला पाय न्हाईत. मेंढ्यांना हाईत."

दिवाळीनंतर माणचे मेंढपाळ कळप घेऊन पाण्याच्या मुलखात उतरतात. खतासाठी शेतकरी त्या मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतात. विहीणबाईंच्या भावाचा कळप नेमका शेजारच्याच रानात होता. त्यांनी पदर खोचला, भावाला हाक मारली आणि अख्खा कळप पुलाच्या चढाच्या तोंडाशी आणून बसवला, रानात बसवतात तसाच.

बस आली आणि थांबली. हॉर्न वाजला. मेंढ्या रवंथ करत राहिल्या.

"ओ मावशी, मेंढ्या हटवा की!" ड्रायव्हर ओरडला.

"माझं कुठं ऐकत्यात? तुमीच सांगून बगा. खालचा रस्ता मोकळाच हाय की."

"खालनं जात न्हाई आमी."

"मग ही माणसं काय आभाळातलं इमान बघाय थांबल्यात?"

बसच्या खिडक्यांतून हसू फुटलं. मागे ट्रकांची रांग लागली. मी आयुष्यात कधी 'फुलं तोडू नयेत' ही पाटीसुद्धा मोडली नव्हती; पण त्या क्षणी पुढे झाले आणि कंडक्टरला खणखणीत इंग्रजीत झापलं. काय बोलले ते आठवत नाही, बहुधा शाळेतला एखादा धडाच असावा. त्याने घाईने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि शिट्टी मारली. बस जराशी मागे सरकली, वळली आणि मुकाट खाली उतरली. भावाने कळप उठवून परत रानात वळवला. आजोबांना मुलींनी आधी चढवलं. विहीणबाई सर्वांत शेवटी चढल्या, ड्रायव्हरला "दमानं चालवा बरं का" असं बजावून.

आम्ही पोचलो तेव्हा बायका पाळण्याभोवती जमल्याच होत्या. आमच्या लुगड्यांना मेंढ्यांचा वास येत होता. तुमच्या आत्याने नाक मुरडलं. बाळ मात्र विहीणबाईंच्या खांद्यावर गाढ झोपलं.

पुढे कित्येक दिवस ड्रायव्हर पुलाच्या तोंडाशी कळप शोधत बिचकत खालूनच जायचे, आणि मग त्याचीच सवय झाली. आता तिथे पत्र्याची शेडही आहे. विहीणबाईंच्या गुडघ्यांनी मात्र बसची पायरी चढायचं सोडलं आहे. मी सांगलीला निघाले, की त्या काठी टेकत थांब्यावर येतात, बस खाली उतरली याची खात्री करतात आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणतात, "पोरीला सांगा, आज्जीनं बस धाडलीया."

बस सुटते. शेजारची त्यांची जागा मी कराडपर्यंत कुणाला देत नाही.