उभ्याने चढलेला पन्हाळा

"चढ आला की उतरायचं. पोरींनी उभ्यानं पायडल मारायचं न्हाई." मला सायकल शिकवताना थोरल्या दादाने हे सांगितलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. आता चव्वेचाळीस. मधल्या सगळ्या वर्षांत मी प्रत्येक चढावर निमूट उतरत आले. शाळेत शिकवायला रोज सायकलनेच जाते, सुट्टीच्या दिवशी कागलपर्यंत जाऊन येते, पण पन्हाळ्याचा चढ लागला की उतरून ढकलणं ठरलेलं. यंदा म्हटलं, एकदा कळू दे, दोष सायकलचा की माझा. सायकलचा असला तर नवी घेईन. माझा असला तर पन्हाळ्याचं नाव काढणार नाही.

आमच्या पेठेतल्या दस्तगीरभाईंच्या दुकानात एक रेसर सायकल आली होती. बारीक चाकं, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, मध्ये दांडी आणि गिअर. चढ चढवून आणल्याशिवाय रेसर विकायची नाही, असा भाईंचा रिवाज. तोवर जुनी सायकल त्यांच्याकडे राहते, आणि नवी पसंत पडली की जुनी मोडीत त्यांचीच.

"वैनी, तुमची ती म्हैस हाय, ही घोडी. ह्यो खटका मागं वडला की हलकं, फुडं ढकलला की जड. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"

"राहील की," मी म्हटलं.

रविवारी सहाला निघाले. दांडीची सायकल म्हणून भाचीचा पंजाबी ड्रेस घातला होता. शिवाजी पुलावर पंचगंगेचं गार वारं अंगावर आलं आणि मी चक्क गाणं गुणगुणायला लागले. तुम्ही जाणार असाल तर उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत जा, नाहीतर गाड्यांच्या मागे ताटकळावं लागतं. एकूण अंतर बारा-तेरा मैल. दमलात तर एसटी थांबवा, कंडक्टर सामानाचं तिकीट फाडून सायकल टपावर टाकू देतो.

केर्लीला चहा घेतला. बाकड्यावरचे दोन म्हातारे माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलत होते.

"कुठली रं ही?"

"कोल्हापूरची आसंल. डरेस बघ की."

"मग एस्टीला काय झालंय?"

"एस्टीला काय न्हाय झालं," चहावाला म्हणाला, "तुला झालंय. हितनं देवळापातूर जायाचं तर गाडी मागतोस!"

वाघबीळच्या फाट्याला वळले आणि खरा चढ लागला. खटका आठवला, पण उलटा. पुढे जायचं तर पुढेच ढकलायचा असणार, असं वाटलं आणि ढकलला. पायडल दगडासारखं झालं. बसून मारता येईना. उतरावं, तर दांडीवरून पाय टाकून त्या चढावर पुन्हा बसणं मला जमलं नसतं. दुसरा मार्गच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी पायडलवर उभी राहिले.

गवताचा भारा घेऊन एक बाई उतरत येत होती. ओरडली, "अगं बया, पडशील की! उतर!"

"उतरले तर परत बसता यायचं नाही!"

ती भाऱ्यासकट थांबली आणि खदखदून हसली. "मग जा की! थांबू नगंस आता, हाण!"

मी हाणली. मांड्या पेटल्या होत्या, घाम डोळ्यांत उतरत होता. शेवटच्या वळणावर सायकल इतकी हळू झाली की एक कुत्रं माझ्या शेजारून चालत पुढे गेलं. पण पाय जमिनीला लागला नाही. वर पोहोचल्यावर झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं, चार रुपयांत पोट भरलं. दूर धुक्यात जोतिबाचा डोंगर दिसत होता आणि मी एकटीच हसत होते.

परत आल्यावर दस्तगीरभाईंनी साखळीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बारक्या चकतीवर? म्हंजी खटका फुडंच ढकललासा? वैनी, ह्या जडवर तालमीतली पोरं रडत्यात!"

म्हणजे दोष माझा नव्हताच. सायकलचाही नव्हता फारसा. माझी म्हैससुद्धा मी उभ्याने रेटली असती तर बरीच वर चढली असती. मग नवी कशाला, असा विचार क्षणभर मनात आला. पण मला आता आंबा घाट पाहायचा होता, मलकापूरच्याही पुढचा, आणि तोही हलक्या गिअरवर, आजूबाजूला बघत.

"घेते," मी म्हटलं. "पण जुनी मोडीत देणार नाही."

"दोन सायकलींचं काय लोणचं घालताय?"

"घरात माणसं दोन आहेत, भाई."

माझ्या यजमानांना सगळी पेठ ओळखते. कचेरीत चालत जातात, चालत येतात. सायकल त्यांना कधी आलीच नाही, आणि ही गोष्ट आमच्या घरात कोणी काढत नाही.

घरी आले तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते. चढ कसा होता, हे त्यांनी विचारायच्या आतच मी पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हटलं, "पुढच्या रविवारी पहाटे गांधी मैदानावर चला ना माझ्याबरोबर. तेव्हा तिथं कुणी नसतं. तुम्ही जुन्या सायकलवर बसा, मी मागून धरते."