एकेचाळिसावा दोरा

अक्काचा फोन रोज सकाळी नऊला यायचा. दीड महिन्यापूर्वीच्या त्या मंगळवारीही तो नऊलाच आला. पडद्यावर नाव तिचंच होतं, म्हणून मी नेहमीसारखं तिच्या आधीच बोलून टाकलं, “नही सापडना, अक्का.” पलीकडे तिचा मुलगा महेश होता. “मामा... माय गई. झोपेतच गई.” माणसाने अशा वेळी रडावं. मी रडलो, पण नंतर. आधी आली ती भीती. आता तो दोरा कोणाचा, हे मला कोण सांगणार?

अक्का माझी थोरली चुलत बहीण. शहाद्याहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात ती तीस वर्षं केसपेपरच्या खिडकीवर बसली. डोंगरातून आलेल्या बाईला स्वतःचं वय सांगता येत नसे, पण अक्काला तिच्या सासूचाही आजार पाठ असे. ती निवृत्त झाली त्याच सुमारास दवाखान्यात कॉम्प्युटर आला, आणि तिच्या खुर्चीवर मी आलो. माझी पात्रता म्हणाल तर एक बुडवलेला सायबर कॅफे. तरी पहिल्या दिवशी मी खिडकीत असा बसलो होतो, जणू इस्रोतून थेट म्हसावदच्या बसने उतरलोय.

काम सोपं होतं. जुने केसपेपर स्कॅन करायचे, माहिती नव्या सिस्टिममध्ये भरायची आणि कागद गोण्यांत घालून गोदामात टाकायचे. अडचण एकच होती. काही कागदांच्या कोपऱ्याला भोक पाडून लाल दोरा बांधलेला असे, आणि तो स्कॅनरमध्ये अडकायचा. मला वाटलं, अक्काची टापटीप. मी कात्री घेतली आणि गाणी ऐकत दुपारभर दोरे कापले. पुढेमागे गठ्ठे बांधायला होतील म्हणून बिस्किटाच्या डब्यात जपूनही ठेवले. सिस्टिममध्ये एक रकाना होता, ‘औषधाची रिअॅक्शन’. तो मोकळा सोडला की मशीन पुढे सरकत नसे. पर्याय दोनच, हो किंवा नाही. कागदावर तर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी सगळ्या गावाला ‘नाही’ देऊन टाकलं. अक्काला एक फोन करावा, असं एकदाही वाटलं नाही. ती पडली जुन्या जमान्यातली!

सिस्टिम सुरू झाली त्या दिवशी अकराच्या सुमारास डोंगरातली सोनकीबाई तापाने फणफणलेली आली. डॉक्टरांनी विचारलं, “रिअॅक्शन?” मी छाती काढून म्हणालो, “नाही.” वनिता सिस्टरने सुई भरली. सोनकीबाईने आधी माझ्या कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग सिस्टरच्या हाताकडे, आणि ती बाकावरून उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिची पावरी बोली मला अर्धीच कळते, पण ती बोटाभोवती काहीतरी गुंडाळल्यासारखं करून दाखवत होती. तिच्या कागदाला लाल दोरा होता, तो कुठे गेला, असं ती विचारत होती. सिस्टरचा हात जागीच थांबला. ती माझ्याकडे वळली. “भाऊ, लाल दोरा म्हणजे हिला ही सुई चालत नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं?” दवाखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी अक्काला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, “दोरा कापीसन कोठे टाकात?” मी म्हटलं, “डबामा शेतस.” “आन् कागद?” “गोणीसमा.” “मी येस. तोपर्यंत कोणले सुई टोचू देऊ नको.” पण सकाळपासून तिघांना टोचून झाली होती. मी वॉर्डात धावलो आणि एकेकाच्या खाटेजवळ उभा राहून छातीकडे पाहू लागलो, वरखाली होते की नाही. एक म्हातारबा किती तरी वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “काय पाही ऱ्हायना भो? मी मरेल नही शे अजून!” वॉर्ड हसला. मी मात्र पुढच्या खाटेकडे वळलो; नशिबाने तिघांनाही काही झालं नाही.

अक्का रिक्षातून उतरली ती थेट गोदामात. डब्यातले दोरे तिने पदरात ओतून मोजले. एकेचाळीस. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, “अक्का, हजारो कागद शेतस, कसं वळखशीन?” तिने एक कागद उजेडाला धरला. भोकाभोवती फिकट गुलाबी कडं होतं. सारंगखेड्याच्या जत्रेतला कच्च्या रंगाचा दोरा, आणि दर पावसाळ्यात गळणारी रेकॉर्डची खोली. “दोरा गया तरी रंग ऱ्हास, येडा.” माझ्या काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये ते कडं उतरलंच नव्हतं. सहा दिवस आम्ही गोण्या उपसल्या. ती कागद उजेडाला धरायची, नाव सांगायची, मी रकान्यात ‘हो’ करायचो. मधेच तिने विचारलं, “माहीत नही, असं लिखाले जागा नही का तुन्हा मशीनमा?” डॉक्टरांनी ते ऐकलं आणि कंपनीशी भांडून तिसरा पर्याय घालून घेतला... ‘विचारलं नाही’. मी घाऊक दिलेले उरलेले सगळे ‘नाही’ मग त्यात बदलले.

सहाव्या दिवशी चाळीस नावं सापडली. शेवटची गोणी झटकली, तरी एक दोरा उरलाच. अक्काने तो माझ्या हातावर ठेवला. “हाऊ कोणा शे, ते सापडस तोपर्यंत येईन त्याले ईचारत ऱ्हाय.”

मी विचारत राहिलो. दोन वर्षं. कॉम्प्युटर काहीही सांगो, लेकराच्या आईला, बसमधून उतरलेल्या मजुराला, लस घ्यायला आलेल्या मास्तरांनाही... सुई घेतल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या? श्वास कोंडला? लोक मला चक्रम म्हणू लागले. जेवताना कोणाला ठसका लागला तरी माझा घास अडायचा. आणि रोज नऊला फोन. “सापडना का?” “नही.” “मंग ईचारत ऱ्हाय.”

जाण्याच्या दोन महिने आधी अक्का पायाच्या सुजेने आमच्याच दवाखान्यात आठ दिवस होती. येणाऱ्या प्रत्येक सिस्टरचा हात धरून ती आधी बाटली दाखव म्हणायची आणि कानात काहीतरी सांगायची. मी थट्टा केली, “अक्का, आते तू रिटायर शे, तपासणी बंद कर.” ती नुसती हसली.

गंधमुक्तीच्या दिवशी, दिवसकार्याच्या पंगती उठल्यावर, महेशने मला एक कापडी पिशवी दिली. आत लाल दोऱ्याचं रीळ आणि घडी घातलेला जुना केसपेपर. “गोण्या उघडल्या तवय मायनी घर आणेल व्हता. मामाले आखरीले दे, बोलनी.” मी कागद उजेडाला धरला. भोकाभोवती गुलाबी कडं. नाव अक्काचं, आणि खाली तिच्याच अक्षरात, तीच सुई, अंगभर गांधी, श्वास कोंडला.

मी मांडवातून निघून तसाच दवाखान्यात आलो आणि तिची नोंद उघडली. त्या आठ दिवसांसाठी तिला भरती मीच केलं होतं. एकूण एक माणसाला विचारणारा मी, तिला काय विचारायचं म्हणून पुढे सरकलो होतो. रकान्यात तसंच होतं... ‘विचारलं नाही’. ते बदलायला गेलो, तर मशीन बदलू देईना. मयताची नोंद बंद होते म्हणे. त्या आठ दिवसांतली एखादी सिस्टर घाईत असती तर, अक्काला डुलकी लागली असती तर... हा हिशेब मी आजही मांडत बसतो. मला घाबरलेला ठेवण्यासाठी तिने स्वतःचा कागद लपवला, आणि स्वतःपुरती राखण एकटीने केली.

एकेचाळिसावा दोरा मी खिडकीच्या गजाला बांधला आहे. त्याचा धनी सापडला, तेव्हा खरं तर आता विचारायची गरज नाही. नऊला फोनही वाजत नाही. पण नऊ वाजले की खिडकीसमोर कोणीतरी उभं असतंच, आणि माझा हात कळफलकावर जाण्याआधी त्या दोऱ्याला लागतो. “बस, माय,” मी म्हणतो, “आधी माले एक सांग...”