तीन नंबर लाईनवरची पंचवीस मिनिटं

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात आमची पलटण सिकंदराबादला होती. शनिवारी संध्याकाळी सहाला आमची मिलिटरी स्पेशल सुटली. औरंगाबादवरून मनमाड, मनमाडला छोट्या लाईनवरून सगळं सामान मोठ्या लाईनच्या गाडीत चढवायचं आणि तिथून पंजाब. मी प्लाटून हवालदार होतो, गाव वैजापूर.

रेल्वेनं देश जोडला, असं शाळेतल्या समारंभांत पाहुणे सांगतात. मीही व्यासपीठावर बसून टाळ्या वाजवतो. खोटं काही नाही त्यात. आमच्या स्पेशल जाव्यात म्हणून पॅसेंजर गाड्या रद्द व्हायच्या आणि रेल्वेची माणसं दोन-दोन ड्यूट्या करायची. पण औरंगाबाद स्टेशनचं नाव निघालं की माझ्या तोंडाची चव जाते.

माझ्या प्लाटूनमध्ये औरंगाबादजवळच्या पाचोडचा सिपाही होता, नारायण थोरे. वय चोवीस. त्याला मुलगी होऊन अडीच महिने झाले होते आणि त्यानं ती पाहिली नव्हती. रजा मंजूर झाली आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. गाडीची वेळ घरी कळवायला मनाई होती. पठ्ठ्यानं पोस्टकार्ड टाकलं, ‘रविवारी सकाळी आमचं वऱ्हाड औरंगाबाद टेशनावरून जाणार आहे.’ मला त्यानं ते दाखवलं. मी वाचलंच नाही असं केलं.

गाडी रविवारी दहा चाळीसला औरंगाबादला पोचली. इंजिनाला पाणी घ्यायचं होतं, पंचवीस मिनिटांचा हॉल्ट. आम्हाला तीन नंबर लाईनवर घेतलं. प्लॅटफॉर्म आणि आमच्यामध्ये कापसाच्या गाठींची मालगाडी उभी होती. पलीकडं शहागंजातले लोक हार घेऊन आले होते म्हणे. आम्हाला मालडब्यांच्या लाल फळ्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

ऑर्डर होती, सेंट्रीशिवाय कोणीही खाली उतरणार नाही. शेवटच्या स्टोअरच्या डब्यावर सेंट्री लावायचा होता. रोस्टरप्रमाणे नंबर नारायणचा होता. बदलता आला असता. मी बदलला नाही.

तो रायफल घेऊन निघताना थांबला.

“उस्ताद, माझं कुणी आलं तर?”

“नाव पुकारलं की तुला बोलावतो. बदली माणूस देतो.”

“पक्कं?”

“पक्कं. जा.”

तो दहा डबे मागं गेला. मी दारात उभा राहिलो, कान मालगाडीकडं. इंजिन वाफ सोडत होतं. पाचेक मिनिटांनी पलीकडून बाईचा आवाज आला.

“अवं! ऐकलं का!”

डब्यात हशा पिकला. निम्मी प्लाटून लग्न झालेली. सहा-सात जण एकदम ओरडले, “ऐकलं, ऐकलं!”

“अवं, ऐकलं का! हिकडं बघा की!”

“कुणाची रे ही?” मी विचारलं. मीही हसत होतो. हे लिहायला लाज वाटते, पण हसत होतो.

आवाज तीन-चारदा आला, मग थांबला. थोरे नाव कुणी घेतलं नाही. अकरा वाजून पाच मिनिटांनी गाडी हलली. मनमाडला नारायण पेट्या उतरवताना एवढंच म्हणाला, “कार्ड पोचलं नसंल.” मी म्हणालो, “टपालाचं काय खरं आहे!”

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वासातला, मोर्च्यावर शेल पडून तो गेला. माझ्यापासून तीस पावलांवर होता. अंत्यसंस्कार तिथंच झाले.

मार्चमध्ये मी रजेवर आलो आणि त्याचं घड्याळ घेऊन पाचोडला गेलो. त्याची बायको गयाबाई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. सासऱ्यांनी चहा मागवला. मी बोलण्यासाठी म्हणून बोललो, “त्या दिवशी तुम्हाला यायला जमलं नाही वाटतं.”

“आलते की, दादा,” गयाबाई म्हणाली. “मामंजी टेशन मास्तरला इचारायला गेले आन् गर्दीत अडकले. म्या एकलीच व्हते. लई आवाज दिला.”

“नाव नाही पुकारलंत?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. एवढा मोठा माणूस असं कसं विचारतो, अशी ती नजर होती.

“मालकाचं नाव कसं घ्यावं, दादा?”

माझ्या आईनं वडिलांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. माझी बायको मला ‘अवं’ म्हणूनच हाक मारते. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी दारात उभा राहून नावाची वाट बघत होतो. इतका बिनडोक हवालदार फौजेत दुसरा नसेल.

“पलीकडून माणसं हसली,” ती म्हणाली. “मला वाटलं, ह्येबी हसत असतील. आता येतील. म्हून गप बसले. ऐकला व्हता का त्यांनी माझा आवाज?”

“व्हय,” मी म्हणालो. “ऐकला होता.”

“मंग आले का न्हाईत?”

सासरे खाली बघत होते. मुलगी घड्याळाचा पट्टा तोंडात घालत होती.

“त्याची ड्यूटी होती,” मी म्हणालो. “ती मी लावली होती. मी सोडलं नाही.”

चहा आला, तो गयाबाईनं माझ्यापुढं सरकवला. मी तो प्यायलो.