समाजशास्त्र आणि खालांच्या शेवया

माझ्या समाजशास्त्रामुळं शेजारच्या खालांच्या ईदच्या शेवया वाहून गेल्या, असं औरंगाबादला आमच्या गल्लीत आजही सांगतात. ते खरं आहे.

तेव्हा मी कॉलेजात नवा प्राध्यापक होतो. घरात मी, बँकेत नोकरी करणारी माझी बायको सुनंदा आणि माझा धाकटा भाऊ मधू. मधू बी.कॉम. होऊन नोकरीची वाट बघत होता; फक्त ती वाट तो आडवा पडून बघायचा! ‘याला माणसात आण,’ म्हणून वडलांनी देवगाव रंगारीहून त्याला माझ्याकडं धाडलेलं. मे महिन्यात त्यांनी आंब्यांची पाटीही धाडली, आणि मला मार्ग दिसला.

“मधू, समाजात कुणाला जास्त मिळतं, कुणाला कमी. का?”

“नशीब,” मधू म्हणाला. (डोळे मिटूनच!)

“चूक! जे काम महत्त्वाचं, ज्याला कौशल्य लागतं, त्याला मोबदला जास्त. सगळ्यांना सारखंच मिळालं तर अवघड कामाला पुढं कोण येईल? उद्यापासून आपल्या घरात जसं काम तसा आंबा!”

सुनंदानं विचारलं, “आणि कुठलं काम महत्त्वाचं, हे कोण ठरवणार?”

“मी.”

“आंबे कुणाच्या ताब्यात?”

“माझ्याच.”

“मग चालू द्या तुमचं.”

(या शंकेवर आमच्या शास्त्रात अख्खा दुसरा सिद्धांत आहे, पण तो मी पुढच्या सत्रात शिकवायचो.)

मी भाव ठरवले. गॅसच्या रांगेत उभं राहणं, मोठा आंबा. भाजी घासाघीस करून आणणं, मध्यम. झाडू मारणं, चोखून ठेवलेल्या कोयीएवढा. घरावर देखरेख ठेवणं, सगळ्यात मोठा. (ती मी ठेवणार होतो.)

“आणि पाण्याची मोटर बंद करायला?” सुनंदानं विचारलं.

“काही नाही. बटण दाबायला कसलं आलंय कौशल्य? बोट लागतं एक!”

दुसऱ्या दिवशी चमत्कार! मधू उजाडताच सायकलला सिलिंडर बांधून पसार! माझी छाती फुगली. सुनंदानं गच्चीवरची टाकी भरायला मोटर लावली, “मोटर चालू आहे हो,” असं ओरडली आणि बँकेत गेली. मी देखरेखीचा आंबा चोखत बसलो. पाण्याचा आवाज येत होता. छान वाटत होतं.

“या अल्ला! सर! ओ सर! आभाळ फाटलं का काय!”

टाकी भरली होती, मग गच्ची भरली होती, आणि आमच्या पन्हळीचं पाणी सरळ शेजारच्या अंगणात कोसळत होतं. तिथं खालांनी बाजांवर शेवया वाळत घातल्या होत्या. खाला (सगळ्या गल्लीच्याच मावशी!) एकट्याच राहायच्या, पण दर ईदला निम्म्या गल्लीला शिरखुर्मा त्यांच्याच घरचा! मी बरबटल्या हातानं बटण दाबलं आणि पळत गेलो. शेवयांची लापशी झाली होती. ईद तोंडावर, आणि रोज्याच्या सुकल्या तोंडानं खाला उभ्या.

“जाने दो सर. पाणीबी अल्लाचंच.”

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं!

मधू सिलिंडर घेऊन आला. काय झालं ते त्यानं ऐकलं आणि आल्या पावली बाजारात गेला. मैद्याचं पोतं खांद्यावर घेऊन आला, खालांचं शेवयांचं यंत्र बाजेला आवळलं आणि हँडल फिरवायला लागला. हा तोच मधू, ज्याला कूस बदलायचाही कंटाळा! संध्याकाळी सुनंदा बँकेतून आली ती थेट शेवया दोरीवर टाकायला उभी राहिली. मीही हात घालू लागलो, तर लड तुटून मातीत.

“सर,” खाला म्हणाल्या, “तुम्ही चिमण्या हाकला. बोलू नका. नुसत्या हाकला.”

दुसऱ्या दिवशीही यंत्र चालूच. मधूचे दंड सुजले. मला राहवेना. “अरे, तुला यातून काय मिळणार?”

मधू माझ्याकडं बघतच राहिला. “मिळायचं काय दादा? खाला रोजा धरून हँडल फिरवणार व्हय? तू चिमण्या बघ. ती बघ, बसली!”

ईदला खालांनी आम्हा तिघांना बोलावलं. शिरखुर्म्याची सगळ्यात मोठी वाटी, त्यावर सगळ्यात जास्त चारोळी, माझ्यापुढं! मी ओशाळलो.

“खाला, मी तर फक्त चिमण्या हाकलल्या.”

“मालूम है. त्याबी नीट नाय हाकलल्या.”

“मग मला एवढी मोठी वाटी?”

खालांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “मधूला समज हाय. सुनंदाला लई समज हाय. तुमचं कसं व्हायचं बेटा, हीच फिकर लागते मला. ज्याची फिकर जास्त, त्याला वाटी मोठी.”

या सिद्धांताला माझ्या एकाही पुस्तकात आधार नव्हता. तरी मी वाद घातला नाही. वाटी चाटूनपुसून संपवली आणि लायकीबद्दल खालांच्या मनात काही शंका उरू नये म्हणून आणखी एक मागितली!