जगाच्या बैठकीत आमचा देविदास

बातमीत जे मावत नाही, ते बातमीदाराच्या डोक्यात साचत जातं. माझ्या डोक्यात तर आता जागाच उरलेली नाही. घातक रसायनांच्या आंतरराष्ट्रीय कराराची बातमी हाती घेतली आणि असलं काहीबाही इतकं जमलं, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण पचणार नाही.

सुरुवात देविदासपासून. देविदास राठोड, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा. कपाशीवर फवारणी करताना विष अंगात भिनलं आणि दोन्ही डोळे गेले. ते कीटकनाशक कराराच्या यादीत आलं, तर धोका सांगून परवानगी घेतल्याशिवाय ते दुसऱ्या देशात पाठवता येणार नाही. देविदासचं मागणं एवढंच : "निर्णय घेनाऱ्याइले एकडाव मले सांगू द्या."

*

करारावर जनतेच्या सूचना मागवल्या होत्या म्हणे! मला कळलं तेव्हा मुदत संपलेली. जाहिरात इंग्रजीत, दिल्लीच्या कुठल्याशा वेबसाइटच्या कोपऱ्यात. मी संबंधित अधिकाऱ्याला फोन लावला.

"यवतमाळातून एकही हरकत आली नाही," तो खुशीत म्हणाला, "म्हणजे लोक समाधानी आहेत!"

*

आम्ही बोंब मारली, तेव्हा लोहाऱ्याजवळ एका एसी हॉलमध्ये सल्लामसलत ठेवली. पहिल्या रांगेत 'शेतकरी प्रतिनिधी' असे बिल्ले लावलेली मंडळी. त्यातल्या एकाला मी ओळखलं. त्याचं कृषी केंद्र आहे. हीच औषधं विकतो!

"शेठ, तुमचं वावर कुठं?"

"वावर कायले पाहिजे भाऊ? सारे शेतकरी माह्याच दुकानात येतेत न!"

देविदासला बिल्ला नव्हता. तो बाहेर चपलांजवळ उभा.

*

मग कराराच्या कामावरचे परदेशी पाहुणे थेट तांड्यावर आले. त्यांना 'सुरक्षित फवारणी'चा फोटो हवा होता. सोबतच्या माणसाने गाडीच्या डिकीतून किट काढलं. मास्क, गॉगल, हातमोजे. सगळं देविदासच्या धाकट्या भावाला चढवलं, पाठीवर पंप दिला. फोटो झाले. लगेच किट उतरवून परत डिकीत!

"अहो, राहू द्या न ते," देविदासची बायको कमलाबाई म्हणाली, "उद्या त्याले खरंच फवाराचं हाय."

"ताई, पुढच्या गावातही फोटो आहेत."

*

इतकं करून करारातल्या देशांच्या बैठकीत काय झालं? ते कीटकनाशक यादीत घ्यायला जवळजवळ सगळे देश तयार होते. एकाने नाही म्हटलं आणि विषय पुढच्या बैठकीवर! सर्वांची सहमती लागते म्हणे. मी दिल्लीतल्या एका साहेबाला गाठलं.

"नाही कोण म्हणालं?"

"ते सांगता येणार नाही. चर्चा बंद दाराआड झाली."

"तुमच्या पत्रकात तर 'खुली बैठक' लिहिलंय!"

"खुलीच होती हो. फक्त दार बंद होतं!"

मी फोन आपटला. नवा घ्यावा लागला.

*

शेवटी उमरखेडच्या एका संस्थेने खटपट करून देविदासला पुढच्या बैठकीत ऑनलाइन प्रवेश मिळवून दिला. गडी दाढी करून, नवा शर्ट घालून निघाला. काय बोलायचं ते एसटीत माझ्या शेजारी बसून पुटपुटत होता. कमलाबाई मध्येच दुरुस्ती करायची. "हळू बोलजा. आन् शिव्या नोको देऊ."

संस्थेतल्या संदीपने लॅपटॉप लावला. कमलाबाईने नवऱ्याची खुर्ची बरोब्बर पडद्यासमोर सरकवली. बैठक सुरू झाली आणि संदीपचा चेहरा उतरला.

"काय झालं बे?" मी विचारलं.

"सर, यांना निरीक्षक म्हणून घेतलंय. माइक त्यांनी तिकडूनच बंद केला. निरीक्षकाने फक्त पाहायचं, बोलायचं नाही. नियमच आहे."

पडद्यावरची बाई हसतमुखाने जगभरच्या लोकांचं स्वागत करत होती.

देविदासने संदीपच्या दिशेने मान वळवली.

"संदीपभाऊ, उलटं करता येते का? इचार न त्याइले."