उजवी उलांडी

दुपारचं जेवण अंगावर आलंय. खाडीकाठच्या मांगराच्या छपराखाली, तीन अंगांच्या त्या होडीच्या दोन अंगांमध्ये ताणलेल्या जाळीवर हौसा जराशी कलंडते. पाठ टेकायची आणि उठायचं, असं स्वतःला बजावते खरी, पण निजणाऱ्याचं बजावणं ते. बाहेर भरती लागलीय, पाणी पायरीशी चुळुक चुळुक करतंय, एवढं तिला ऐकू येतं. थोड्या वेळानं दर्शन, तिचा लेक, वेल्डरला घेऊन येणार आहे. होडीचे दोन्ही हात लोखंडी पट्ट्यांनी कायमचे जखडायचे, वर फळ्या ठोकायच्या आणि दिवाळीपासून पर्यटक फिरवायचे, असं ठरलंय. हौसानं मान डोलावलीय. डोलावली म्हणजे पटलं असं थोडंच असतं!

आता ही होडी म्हणजे काय प्रकार, ते सांगायला हवं. इकडच्या होड्यांना उलांडी एकच, डाव्या अंगाला. होडी कलंडू नये म्हणून बाहेर धरलेला तो ओंडका. ही होडी गोऱ्यांची, हिला दोन्हीकडे उलांड्या. शिवाय हिचे हात, म्हणजे उलांड्या धरणारे आडवे दांडे, बिजागऱ्यांवर दुमडतात, उलांड्या कुशीत येतात, आणि अंगणाएवढी रुंद होडी ट्रॉलीवर चढून रस्त्यानं चालू लागते. कुणी परदेशी माणूस ती गोव्यात टाकून गेला होता. हौसाच्या नवऱ्यानं, जनार्दन कुबलानं, ती टेंपोत घालून घरी आणली. प्लायवूड कुजलेलं, बिजागऱ्या गंजलेल्या. सगळ्या वाडीनं तिला 'जनूची खाट' असं नाव ठेवलं. जनू हसायचा आणि कुजकं कापत राहायचा. नवं लाकूड घातलं, वर फायबर चढवला, डोलकाठी आडवी निजवता यावी म्हणून तिच्या बुंध्याशी स्वतः बिजागरी घडवली.

हे सगळं समुद्रासाठी नव्हतं. हौसाचं माहेर घाटावरचं, कारंडेवाडी, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. ती परकरी पोर असताना गाव उठलं आणि बाप बिऱ्हाड घेऊन कोकणात मजुरीला उतरला. लग्न झालं तेव्हा जनार्दननं शब्द दिला होता, की तुझ्या गावात जाता येत नाही ना, तर गावावरून नेईन. त्यासाठी घाट चढणारी होडी पाहिजे होती.

पण जित्याची खोड. जन्मभर डाव्या उलांडीच्या भरवशावर जगलेला माणूस, त्यानं आधी डावी बाजू हाती घेतली. लोण्यासारखी मऊ केली. उजवीला तो पाहुणी म्हणायचा, तिचं मग बघू म्हणायचा. उजवीच्या बिजागरीची खीळ गंजून बसली ती बसलीच, आणि शिमग्यानंतर एके सकाळी छातीत कळ येऊन जनार्दनच गेला. हातातली कानस या जाळीवरच पडली होती.

जाळी हलते. पायाशी कुणीतरी बसलंय. फायबरच्या रसायनाचा तो उग्र वास, जो कुठल्याच साबणानं कधी गेला नाही.

"तुमी कवा आला?" हौसा विचारते. इतकी वर्षं कोकणात काढली, पण तिची जीभ काही घाट उतरली नाही.

"इलंय मगाशीच. तू निजलंस ती निजलंसच."

मेलेल्या माणसाला तू मेलायस असं सांगू नये, सांगितलं की ते उठून जातं, असं तिची आई म्हणायची. म्हणून हौसा जीभ चावते आणि नुसतं जेवलात का विचारते. तो हात पुसतो, शिडाची दोरी सोडतो.

"तुझ्या घराक जावचा मा?"

पायरीवरचं पाणी आत आलंय. मांगराचे खांब लांब लांब होत जातात आणि त्यांची बाभळीची झाडं होतात, अर्धी पाण्यात. लाट नाही, खारा वारा नाही. खाली कौलं दिसतात, पिंपळाचा पार दिसतो, विहिरीवरचा रहाट दिसतो. हौसाला हुंदका येतो. किती वर्षं तिनं हे कुणाला दाखवता आलं नाही म्हणून नुसतं तोंडानं सांगितलं होतं! होडी बुडत नाही, उतरणीला लागलेल्या बैलगाडीसारखी सावकाश खाली जाते. आणि मग त्या दोघांची होडी कारंडेवाडीच्या गल्लीत उभी असते. पाणी गुडघाभर. गोठ्यातून शेणाचा वास येतोय. गल्लीच्या टोकाला तिचं घर, दार उघडं.

गल्ली अरुंद आहे. जनार्दन डावीकडची दोरी ओढतो, डावी उलांडी निमूट कुशीत येते. उजवी कुंभाराच्या भिंतीला घासते आणि अडते. तो ओढतो, तळहातानं ठोकतो, खांदा लावतो.

"दुमडना नाय," तो म्हणतो आणि आपल्या हाताकडे बघत बसतो. "डावी केलंय आणि निवांत रवलंय. उजवीक वेळ मिळात असा वाटला माका."

आपण आता नाही, हे त्याला कळलंय, हे हौसाला कळतं. असू द्या, मी चालत येते, घर तर हे काय, असं म्हणत ती जाळीवरून पाण्यात उतरतेसुद्धा. पाणी थंडगार आहे. तो तिचा दंड धरतो, जिवंतपणी कधी धरला नव्हता इतका घट्ट, आणि तिला परत वर बसवतो.

"चलत येव नको. होडयेन ये. मी फुडे जावन चूल पेटवतंय. तू उजवी मोकळी कर, मगे ये. घाय नाय."

मेलेल्यानं बोलावलं तर हूं म्हणू नये, हेही आईनंच सांगितलेलं. पण घाई नाही म्हणणाऱ्याला काय घाबरायचं? हौसा म्हणते, "येते."

तो लुंगी गुडघ्यावर खोचून गल्लीतून चालू लागतो. मागे वळून बघत नाही. दाराशी पोचल्यावर मान खाली घालून आत शिरतो. हे घर त्यानं जन्मात पाहिलेलं नाही, तरी चौकट बुटकी आहे हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे तिचं सगळं सांगणं त्यानं ऐकलं होतं. कानस चालवताना हं हं करायचा, तेव्हासुद्धा ऐकत होता.

"आये, वेल्डर इलो हा."

दर्शन उभा आहे. मागे वेल्डर, त्याच्या खांद्यावर लोखंडी पट्ट्या. ऊन तिरपं झालंय, भरती अजून बाहेरच्या पायरीशीच आहे. हौसा उठून बसते. साडी गुडघ्यापर्यंत ओली चिंब. लेक म्हणतो, पाय भरतीत सोडून निजलीस की काय? ती काठ पिळते, बोटावरचं पाणी जिभेला लावते.

खारट नाही. गोडं पाणी आहे.

"पट्ट्या न्हाई लावायच्या," ती म्हणते. "उजवी खीळ काढाय सांग त्याला. हात दुमडला पायजे."

दर्शन पर्यटकांचं काहीतरी बोलू लागतो. मग आईचा चेहरा बघतो. उन्हाळ्यापर्यंत थांबता येईल, असं स्वतःशीच पुटपुटत पट्ट्या उतरवून घेतो.

वेल्डर होडीच्या उजव्या हाताशी वाकतो, खिळीवर पहिला घाव घालतो. गंजाचा भुगा जाळीवर सांडतो. साडी बदल गो, सर्दी होईल, असं लेक सांगतो, पण हौसा घरात जात नाही. काठ इतक्यात वाळू नये म्हणून ती उन्हातून सावलीत सरकून बसते.