वांगी रंगाचं अस्तर

वांगी रंगाच्या पिकअपची मालकीण आज सकाळी गेली.

शैलावहिनी. दुबईत अल कुसैसला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. ज्यांनी त्यांच्याकडून कधी अळू, शेवगा, विड्याची पानं घेतली, त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी ही पोस्ट.

२००८ संपत आलं होतं, मंदी आली होती. वहिनींचे मिस्टर, प्रकाशदादा, साइट सुपरवायझर होते. एका दुपारी प्रोजेक्टच बंद पडला आणि दादा हेल्मेट हातात घेऊन घरी आले.

बिल्डिंगमध्ये रोज कुणी ना कुणी सामान बांधत होतं. निरोपाच्या पार्ट्यासुद्धा बंद झाल्या, कारण बोलवायला कुणी उरेना.

दादांनीही ठरवून टाकलं. जुनी पिकअप विकायची आणि चिपळूणला परत जायचं. अबुधाबीकडच्या रुवैसचं एक गिऱ्हाईक मिळालं होतं. शुक्रवारी गाडी न्यायला येणार होतं.

त्याच्या दोन दिवस आधी वहिनींनी माझी बेल वाजवली. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात वांगी रंगाचा ब्लाउजपीस.

"भाऊजी, रास अल खोरच्या गॅरेजला याल का? अस्तर लावायचंय."

"कशाला?"

"गाडीला. भाजी वाहायची तर मागचा पत्रा असा गंजका कसा चालेल?"

भाजी कोण वाहणार, कधी ठरलं, मला काही पत्ता नव्हता. मी समोरच्या उघड्या दारातून दादांकडे बघितलं. दादा सोफ्यावर पेपर धरून बसले होते.

"मला काय विचारतोस? गाडी तिच्या नावावर आहे," ते म्हणाले.

तर हे अस्तर म्हणजे स्प्रे लायनर. पिकअपच्या हौद्यात आतून रबरासारखा जाड थर फवारतात, म्हणजे माल घासून पत्रा खराब होत नाही. वहिनींच्या शब्दकोशात आतून लावायचं ते अस्तर. मग ब्लाउज असो की गाडी.

गॅरेजमधला उस्ताद, म्हणजे मुख्य कारागीर, लाहोरचा. प्रत्येक बाईला 'बाजी', म्हणजे ताई, म्हणणारा.

"काला कर देते हैं, बाजी. सब काला ही कराते हैं."

"काला नहीं. काले पे धूप में मेरा अळू पक जाएगा."

"अळू?"

"पत्ता रहता है. बडा. भैया, अस्तर मॅचिंग का चाहिए. बाहर बैंगनी, तो अंदर भी बैंगनी."

उस्ताद हसला. "अस्तर का मॅचिंग कौन कराता है, बाजी? किसी को दिखता ही नहीं."

"नहीं दिखता तो क्या कुछ भी लगाने का?"

उस्तादने शेडकार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. मग म्हणाला, "ठीक है. इन्शाल्ला."

मग शेड निवडणं सुरू झालं. मॅचिंग सेंटरमध्ये साडी घेऊन बायका दारापर्यंत उजेडात जातात ना, तशाच वहिनी शेडकार्ड घेऊन उन्हात गेल्या. बॉनेटचा रंग पार विटलेला. म्हणून त्यांनी दार उघडलं, आतल्या कडेला ब्लाउजपीस लावला आणि डोळे बारीक करून बघितलं.

"हा खरा रंग. वरचा उन्हाने उतरलाय."

लोक गाड्या एअरपोर्टवर सोडून निघून जात होते. आणि ही बाई परवा विकल्या जाणाऱ्या खटारा गाडीच्या पोटासाठी रंग निवडत होती. उस्तादने मला चहा दिला होता, तो हातातच गार झाला.

दुसऱ्या दिवशी गाडी आणायला गेलो. हौदा काळा कुळकुळीत.

"उस्ताद, मॅचिंग किधर है?"

"नीचे है, बाजी. आपने अस्तर बोला था ना? पूरा बैंगनी अस्तर मारा है. उस के ऊपर काला लायनर."

मग माझी ट्यूब पेटली. पेंटरच्या भाषेत अस्तर म्हणजे प्रायमर, रंगाखालचा पहिला हात. म्हणून तर तो म्हणत होता, कुणाला दिसत नाही. दोघंही आपापल्या अस्तरावर ठाम होते.

मी भांडायच्या तयारीत होतो. वहिनींना मात्र हसू आवरेना. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "राहू द्या, भाऊजी. मी सांगितलं तेच केलंय त्याने. आत आहे ना? खलास."

शुक्रवारी रुवैसचा माणूस आला. वहिनींनी त्याला चहा दिला, सोबत चकली दिली, आणि सांगितलं, "गाडी नहीं बेचनी, भाईसाब. कल ही अस्तर लगाया है."

हे काय कारण झालं? पण तो माणूस चहा संपवून निघून गेला. दादा उठले, खाली गेले आणि गाडीची काच पुसायला लागले.

एका ओळखीच्या ग्रोसरीवाल्याच्या लायसन्सवर धंदा सुरू झाला. काळा हौदा तापायचाच. वहिनी त्यावर ओली गोणपाटं अंथरायच्या आणि वर अळूच्या जुड्या रचायच्या. त्या पिकअपवर घर चाललं. त्यांची मुलगी ऋचा इथेच शिकली, इथेच नोकरीला लागली. माझी नोकरी गेली तेव्हा आमच्या दारातही भाजीची पिशवी यायची. कोण ठेवतं, हे विचारायची सोय नव्हती.

आज दुपारी चिपळूणहून दादांच्या भावाचा फोन आला. "आता तरी गाडी विक आणि ये."

"गाडी विकायची नाही," दादा म्हणाले आणि फोन ठेवला.

दादा, ऋचा आणि मी खाली पार्किंगमध्ये गेलो. दादांनी हौद्याचं फळकं उघडलं. इतकी वर्षं क्रेट ओढून ओढून काळा थर झिजलाय, मधे मधे पोपडे उडालेत. आणि खालून वांगी रंग दिसतोय. उन्हाने न विटलेला, दाराच्या आतल्या कडेला होता तस्सा.



ऋचा हळूच म्हणाली, "बाबा, लेट्स गेट इट डन अगेन. प्रॉपर मॅचिंग, लाइक आई वॉन्टेड."

दादांनी त्या रंगावरून हात फिरवला.

"नको गं. आता कुठे दिसायला लागलंय."

वहिनी, गाडी आहे. तुम्ही निवांत जा.

नमस्कार.